वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होते. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो.

लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ साली विकृतिशास्त्रात एम.डी. पदवी मिळवली. मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. पुढे ते १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालक झाले.

संशोधन

मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा त्यांनी घेतलेला आढावा १९४४ साली प्रसिद्ध झाला. अर्बुद तोंडात नेमके कोठे उद्भवते आणि रुग्णाला कोणती सवय आहे, यांचा संबंध लावणे हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होय. सुरियाबाई यांच्यासह १९४५ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी कमरेवरील त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट नेसल्याने कातडी काचते आणि तेथेच हा रोग उद्भवतो. चुना मिसळलेली तंबाखू, म्हणजे खैनी, खालच्या ओठाआड धरून ठेवणाऱ्यांना त्याच जागी होणारा कर्करोगही त्यांनी नोंदवला. सांघवी व राव यांच्यासह १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तंबाखू चघळणे व ओढणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध तपासण्यात आला. कर्करोग हा केवळ दैवाचा किंवा वयाचा भाग नसून तो काही अंशी टाळता येतो, हा या कामाचा खरा अर्थ होता.

त्या काळी अर्बुदाची वाढ पेशींच्या आकारावरून आणि ते ऊतकात किती खोल शिरले आहे यावरून ठरवली जाई. जठराच्या कर्करोगात आज एचईआर-२ सारख्या प्रथिनांचीही तपासणी होते. मात्र तीही ऊतकाच्या पातळ कापावरच केली जाते.

कुष्ठरोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील ऊतकांचाही त्यांनी अभ्यास केला. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषवले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

नंतरचा काळ

खानोलकरांचे आकडे मुख्यतः रुग्णालयात पोहोचलेल्या रोग्यांचे होते. घरीच दगावणाऱ्यांचा त्यांत समावेश नसे, त्यामुळे रोगाचे लोकसंख्येतील खरे प्रमाण त्यांवरून काढता येत नव्हते. ही उणीव पुढे लोकसंख्याधारित नोंदणीने भरून काढली. महाराष्ट्रात अशी नोंदणी आधी मुंबईत सुरू झाली. वर्धा जिल्ह्याची नोंदणी सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ठेवली जाते.