विश्लेषण : पंडिता रमाबाईंनी बायबलचा नवा मराठी अनुवाद का केला?

मराठीत बायबल आधीपासून उपलब्ध होते. तरीही पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची दीड दशकाहून अधिक वर्षे नव्या अनुवादासाठी दिली. केडगावच्या मुक्ती सदनात एकत्र बसून धर्मग्रंथ वाचणाऱ्या महिला हे त्यामागचे मोठे कारण होते.

रमाबाईंचे शिक्षण कसे झाले?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. त्यांना पुराणे मुखोद्गत होती, पण स्त्रियांना अधिकार नाही म्हणून वेद शिकवले गेले नाहीत. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिथेच केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्याचा आग्रह केला.

शारदा सदनाचा वाद काय होता?

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र तिथल्या धर्मगुरूंचे म्हणणेही त्यांनी तपासल्याशिवाय मान्य केले नाही. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. सल्लागार मंडळातील न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. तरीही रमाबाईंनी प्रार्थना थांबवली नाही.

मुक्ती सदनात काय घडत होते?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व महिला आणल्या आणि दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. शेती, विणकाम, छपाई यांबरोबर तिथे अक्षरओळख होई. अंध महिलांना ब्रेल शिकवले जाई. १९०५ मध्ये महिलांचे मोठे गट रोज प्रार्थनेसाठी जमू लागले.

अडचण भाषेची होती. उपलब्ध अनुवादातील संस्कृतप्रचुर शब्द नव्याने वाचायला शिकलेल्या बाईला अडत. शेजारी बसून कुणीतरी अर्थ सांगेपर्यंत तिला थांबावे लागे.

अनुवाद कसा झाला?

रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व सोप्या, बोलीजवळच्या मराठीत अनुवाद करू लागल्या. खिळे जुळवण्यापासून छपाई आणि बांधणीपर्यंतची कामे मुक्तीतील महिलांनी केली. म्हणजे वाचणाऱ्याच ग्रंथ घडवत होत्या.

पुढे काय झाले?

१९२१ मध्ये रमाबाईंची कन्या मनोरमा यांचे निधन झाले. त्यानंतरही काम सुरू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी चर्चमध्ये प्रामुख्याने बायबल सोसायटीचाच अनुवाद रूढ राहिला. पण वेदांपासून दूर ठेवल्या गेलेल्या या विदुषीने दुसऱ्या एका धर्मग्रंथापर्यंत निरक्षर बायकांची वाट मोकळी केली, हे या अनुवादाचे महत्त्व.