पदवी नसलेला प्राध्यापक

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने पदव्युत्तर अभ्यासासाठी एक नवा विभाग सुरू केला. समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र हा त्याचा विषय. आपल्या देशातला समाजशास्त्राचा पहिला स्वतंत्र विद्यापीठ-विभाग म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. त्याच्या प्रमुखपदी ज्यांना आणले ते गृहस्थ पासष्टीला टेकलेले होते. केस आणि दाढी पिंजारलेली, बोलणे भरभर आणि बरेचसे दाढीतच विरून जाणारे. एम. ए., बी. ए. सोडाच, त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची रीतसर मिळवलेली पदवी नव्हती. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

नगररचना किंवा प्रादेशिक नियोजन हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे नाव सुरुवातीलाच भेटते. आधी पाहणी करावी, मग निदान, आणि शेवटी योजना, हा जो धडा त्याला दिला जातो तो गेडिसांचा. परीक्षेत त्यावर चार ओळी लिहिल्या की काम भागते. पण हा धडा गेडिसांना कुठे सापडला आणि तो मुंबईत शिकवायला ते आले तेव्हा त्याचे काय झाले, ही हकिगत चार ओळींत मावणारी नाही.

गेडिसांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावी झाला. वडील लष्करात होते. लहानपण गेले पर्थ शहरालगत, टेकडीच्या उतारावरच्या एका घरात. तिथून खाली शहर दिसायचे, शहराला वळसा घालून समुद्राकडे निघालेली टे नदी दिसायची आणि दूरवर डोंगर दिसायचे. वडिलांबरोबर बागकाम आणि भटकंती हेच मुलाचे खरे शिक्षण. डोंगर, नदी, शेते, शहर आणि समुद्र ही एकाच वस्तूची अंगे आहेत, हे त्याला पुस्तकाआधी डोळ्यांनी कळले.

पुढे वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरा विद्यापीठात नाव घातले आणि आठवडाभरात तिथून काढता पाय घेतला. वाळवलेल्या नमुन्यांना लॅटिन नावे चिकटवण्यात त्यांचा जीव रमेना. मग लंडनला टी. एच. हक्स्ले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. तिथून फ्रान्समधल्या रॉस्कॉफच्या सागरी प्रयोगशाळेत आणि पॅरिसला गेले. पॅरिसमध्ये फ्रेदरिक ल प्ले या अभ्यासकाचे विचार कानी पडले. कुठलाही समाज समजून घ्यायचा तर त्याचे स्थळ, त्याचा कामधंदा आणि त्याची कुटुंबे ही तिन्ही एकत्र पाहावीत, हे त्या विचारांचे सार. गेडिसांनी ते जन्मभर सोडले नाही. १८७९ मध्ये ते मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी काही काळ गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे बसावे लागले. हाताला खिडकीची चौकटीचौकटींची तावदाने लागली, आणि एकेका चौकटीत एकेक कल्पना मांडून त्यांचे नाते शोधण्याची रीत त्यांना सुचली. पुढे कागदाच्या घड्या घालून ते हाच खेळ शिष्यांना दाखवीत. शिष्य चक्रावून जात.

दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर जन्म काढणे आता कठीण होते. गेडिस माणसांच्या वस्तीकडे वळले. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले आणि या जोडप्याने एडिंबराच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट या कळकट वाड्यात बिऱ्हाड केले. शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंती धुतल्या, रंगवल्या, खिडक्यांत फुलझाडे लावली. पडकी घरे दुरुस्त करून त्यांत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्याचा कारभार विद्यार्थ्यांनीच पाहायचा, वर रेक्टर नाही. डंडीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले तेही वर्षातून तीनच महिन्यांच्या कामाचे. उरलेले नऊ महिने शहरासाठी मोकळे.

१८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला, तोच पुढे आउटलुक टॉवर म्हणून प्रसिद्ध झाला. पाहुण्याला आधी थेट वर न्यायचे. तिथे भिंगातून खालच्या शहराचे हलते चित्र पांढऱ्या मेजावर उमटे. मग एकेक मजला उतरत यायचे. आधी एडिंबराचे दालन, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप, आणि तळाला सारे जग. आपल्या गल्लीपासून सुरुवात करून जगापर्यंत जायचे, पण गल्ली सोडायची नाही, असा हा पदव्युत्तर वर्गच होता. पदवी तेवढी मिळत नसे.

याच काळात त्यांनी खोऱ्याचे ते प्रसिद्ध चित्र मांडले. डोंगरमाथ्यावर खाणकामगार, खाली लाकूडतोड्या आणि शिकारी, मग मेंढपाळ, शेतकरी, माळी, आणि किनाऱ्यावर कोळी. शहर म्हणजे या साऱ्यांची एकत्र गाठ. म्हणून शहराची योजना शहराच्या हद्दीत पुरी होत नाही, ती खोऱ्याची करावी लागते. प्रादेशिक नियोजनाचे बीज ते हेच. आपल्याला हे समजायला स्कॉटलंडला जायला नको. सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात उतरा. जंगल, वरकस जमीन, भातखाचरे, खाडी, मिठागरे, कोळीवाडे आणि शेवटी मुंबई. शहापूर तालुक्यातल्या धरणांचे पाणी मुंबईच्या नळाला येते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. मुंबईचा नकाशा मुंबईच्या वेशीवर संपवला, तर ही गोष्ट त्यात दिसतच नाही.

हिंदुस्थानशी त्यांचा धागा १९०० सालीच जुळला होता. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात विवेकानंद, भगिनी निवेदिता आणि जगदीशचंद्र बोस यांची गाठ पडली होती. प्रत्यक्ष येणे झाले १९१४ मध्ये, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून. अनेक वर्षे खपून जमवलेले नकाशे, चित्रे आणि आराखडे यांचे नगरप्रदर्शन ‘क्लॅन ग्रँट’ या वेगळ्या जहाजाने निघाले होते. महायुद्ध पेटलेले. ऑक्टोबरात ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले. दुसरा कोणी हाय खाऊन परत गेला असता. गेडिसांनी मित्रांना पत्रे धाडली, नवे साहित्य गोळा केले आणि १९१५च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन उभे केले.

त्यानंतरची काही वर्षे हा माणूस हातात नकाशा घेऊन आपली गावे पायी फिरत होता. तंजावर, मदुराई, लखनौ, बलरामपूर, बडोदे, इंदूर. मुंबई इलाख्यातल्या सहा गावांचे अहवाल १९१५चे. त्या काळच्या इंजिनिअर मंडळींची रीत ठरलेली होती. दाट वस्ती दिसली की कागदावर पट्टी ठेवायची, सरळ रस्ता आखायचा आणि वाटेत येईल ते पाडायचे. पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या गल्लीत कोंबली जातात आणि तिथे नवी झोपडपट्टी होते, हे गेडिस आकडे मांडून दाखवीत. त्यांचा उपाय जपून केलेल्या शस्त्रक्रियेसारखा. इथले एक पडके घर काढा, तिथला कोपरा सोडवा, चौकात झाड लावा, देऊळ आणि पार राहू द्या. हिवताप येतो म्हणून तळी बुजवायला निघालेल्यांना ते सांगत की तळे स्वच्छ राखा, त्यात मासे आणि बदके सोडा. काम स्वस्तात होई आणि माणसे जागची हलत नसत. अर्थात हे करायचे तर घरन्‌ घर पाहायला हवे, आणि तेवढी सवड कचेरीला नसे.

१९१७ हे साल त्यांना फार जड गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अलास्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲनाबाई तेव्हा कलकत्त्याला तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिसांनी ती बातमी त्यांना कळू दिली नाही. जूनमध्ये त्याही गेल्या. एडिंबराच्या वाड्यातल्या भिंती रंगवण्यापासून प्रत्येक कामात बरोबर असलेली सोबत संपली. हा माणूस तरीही कामाला लागला.

त्यानंतर इंदूर. होळकरांच्या या राजधानीत प्लेगने ठाण मांडले होते. गेडिसांनी दरबाराकडून एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि दवंडी पिटवली की यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची सर्वांत जास्त घरे साफसूफ आणि दुरुस्त झालेली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. गावात झाडलोटीची चढाओढ लागली. मिरवणुकीत सफाई कामगार नव्या पांढऱ्या पोशाखात, हार घालून चालले. त्यांच्या गाड्या रंगवलेल्या, बैल सजवलेले. प्लेगच्या उंदराचा प्रचंड पुतळा निघाला आणि रावणासारखा जाळला गेला. आधी माणसांना हाताशी धरावे आणि मग आराखडा काढावा, याचे हे प्रात्यक्षिकच. २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर ओळीने सात वर्षे पहिले आले. दोन गोष्टींत शंभर वर्षांचे अंतर आहे, तेव्हा एकीचे श्रेय दुसरीला देण्यात अर्थ नाही. पण लोकांच्या सहभागावाचून दोन्ही घडल्या नसत्या. इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला आणि त्याच्या दुसऱ्या खंडात विद्यापीठ कसे असावे याचा विचार होता. नगररचनेच्या अहवालात विद्यापीठ कशाला, असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. गेडिसांच्या लेखी ते एकच काम होते.

ते करून दाखवण्याची संधी मुंबईने दिली. पण इथे गाठ पडली वेळापत्रकाशी, अभ्यासक्रमाशी आणि परीक्षांशी. गेडिसांच्या व्याख्यानाला आरंभ असे, शेवट नसे. शिवाय जेरुसलेमची कामे अधूनमधून त्यांना तिकडे नेत. त्यांच्या वर्गात एक तरुण येऊन बसू लागला. मूळचा मालवणचा, संस्कृत घेऊन एम. ए. झालेला. गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई एक नागरी केंद्र म्हणून, या विषयावर त्याने निबंध लिहिला. तो गेडिसांना पसंत पडला आणि त्यांच्या शिफारशीने घुर्ये परदेशी शिक्षणासाठी गेले. केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन यांच्याकडे शिकून ते परतले आणि १९२४ मध्ये गेडिस गेल्यावर त्यांनीच विभाग हाती घेतला.

घुर्यांनी तो विभाग नावारूपाला आणला, देशाला समाजशास्त्रज्ञांची एक पिढी दिली. जात, जमाती, साधू, कुटुंब हे त्यांचे विषय. शहरांवरही त्यांनी लिहिले. पण नकाशा हाती घेऊन वस्ती सुधारण्याचे गेडिसांचे अंग मागे पडले. यात घुर्यांचा दोष काढता येणार नाही. गेडिसांनी मागे पाठ्यपुस्तक ठेवले नव्हते, पद्धतशीर ग्रंथ ठेवला नव्हता. ठेवले होते ते थोड्या प्रतींत छापलेले अहवाल. परिणाम मात्र दूरगामी झाला. एका छपराखाली आलेले दोन विषय विभक्त झाले. माणसांचा अभ्यास समाजशास्त्राकडे गेला आणि जमिनीचा अभ्यास वास्तुविशारद व इंजिनिअर यांच्याकडे. १९५५ मध्ये दिल्लीला नगर व ग्रामरचनेची स्वतंत्र शाळा निघाली ती या फाळणीनंतर.

मुंबई सोडल्यावर गेडिसांनी फ्रान्समध्ये माँपेलियेला टेकडीवर स्कॉट्स कॉलेज उभारले. १९२५ मध्ये तेल अवीवचा आराखडा केला. जन्मभर पदव्यांपासून दूर राहिलेल्या या माणसाला १९३२च्या आरंभी सर हा किताब मिळाला आणि १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलियेलाच त्यांनी देह ठेवला. अमेरिकेत लुईस ममफर्ड यांनी त्यांचे विचार जगभर नेले. आपल्याकडे मुंबई इलाख्यातल्या त्या सहा गावांचे अहवाल महाराष्ट्र शासनाने छापले ते १९६५ मध्ये, तब्बल पन्नास वर्षांनी.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. विकास आराखड्याआधी पाहणी करून जमिनीच्या चालू वापराचा नकाशा तयार करावा, असे तो बजावतो. म्हणजे गेडिसांचा धडा आपल्याकडे कायदाच झाला आहे. तरीही २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा निघाला तेव्हा त्यात इतक्या चुका सापडल्या की एप्रिलमध्ये शासनाला तो मागे घेऊन नव्याने करायला सांगावे लागले. उभ्या असलेल्या इमारती आणि वारसास्थळे यांच्यावरून रस्ते आखले गेले होते. सुधारलेला आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडले.

नियोजनाच्या विद्यार्थ्याजवळ आज उपग्रहाची छायाचित्रे आहेत, संगणक आहे, गेडिसांना स्वप्नातही न दिसलेली साधने आहेत. त्या छायाचित्रात घराचे छप्पर दिसते. छपराखाली किती माणसे राहतात, ती काय काम करतात आणि तिथून उठवली तर कुठे जातील, हे दिसत नाही. ते विचारायला दारापर्यंत जावे लागते.