ब्रेकला चामडं लावणारी बर्था

घोटीच्या बाईला ब्रेकचं महत्त्व कुणी वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या गावावरूनच मुंबई-आग्रा रस्ता जातो आणि इगतपुरी मागे पडली की कसारा घाटाचा उतार सुरू होतो. एस.टी.चा ड्रायव्हर तिथे गिअर खाली टाकतो, इंजिन घुमायला लागतं. पुढे मालानं भरलेला ट्रक असला की खिडकीतून काहीतरी जळल्यासारखा वास येतो. तो वास असतो तापलेल्या लायनरचा. लायनर म्हणजे ब्रेकच्या आतलं अस्तर. चाक थांबवताना तेच घासतं, तेच तापतं आणि तेच झिजतं.

मैत्रिणींनो, मोटारगाडीच्या ब्रेकला असं अस्तर पहिल्यांदा कुणी लावून घेतलं, ठाऊक आहे? कुठल्या इंजिनियरनं नव्हे, तर चार मुलांच्या आईनं! तिचं नाव बर्था बेंझ. मर्सिडीज-बेंझ या नावातली जी बेंझ मंडळी, त्यांच्याच घरातली ही बाई. आपल्या पुण्याजवळ चाकणला या गाड्या तयार होतात, म्हणून नाव तरी आपल्या कानावरून गेलेलं असतं. बर्थाची गोष्ट मात्र फारशी कुणाला माहीत नसते.

बर्थाचा जन्म 3 मे 1849 चा, जर्मनीतल्या फोर्टझाइम गावचा. माहेरचं आडनाव रिंगर. वडील बांधकामाच्या धंद्यात, घर खाऊनपिऊन सुखी. पण मुलगी झाली तेव्हा घरच्या बायबलमध्ये वडिलांनी जन्माची नोंद करताना पुन्हा मुलगीच झाल्याची खंतही लिहून ठेवली, असं सांगतात. वाचून मला वाटलं, हे तर आपल्याच आळीतलं घर झालं! ती नोंद म्हणे पुढे बर्थाच्या वाचनात आली आणि तिच्या मनाला लागली. तिला यंत्रांची आवड होती. पण त्या काळी मुलींना विद्यापीठाचं दार बंदच. तिच्या बाडेन संस्थानात ते रीतसर उघडलं 1900 साली, तेव्हा बर्था पन्नाशी ओलांडून गेली होती.

कार्ल बेंझ या तरुण इंजिनियरशी तिची ओळख झाली ती विशीत असताना. कार्ल हुशार, पण खिसा रिकामा. धंद्यातल्या भागीदाराशी त्याचं पटेना, वर्कशॉप हातचं जायची वेळ आली. तेव्हा बर्थानं काय केलं? लग्नात मिळायचा आपला हुंडा तिनं लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतला आणि त्या पैशातून भागीदाराला मोकळं केलं. हुंड्याचं मी कधीच कौतुक करणार नाही. पण स्वतःच्या नावचा पैसा कुठे लावायचा हे त्या मुलीनं स्वतः ठरवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. 20 जुलै 1872 ला दोघांचं लग्न झालं. आणि गंमत बघा, तेव्हाच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला धंद्यात स्वतःच्या नावानं काही जागाच उरत नसे. पैसा तिचा, हिशोबात नाव नवऱ्याचं!

संसार सोपा नव्हता. मुलं होत होती, कर्ज वाढत होतं. कार्ल इंजिनाच्या नादात. 31 डिसेंबर 1879 च्या रात्री, जग नव्या वर्षाच्या तयारीत असताना, ही दोघं वर्कशॉपमध्ये गेली आणि इंजिन पहिल्यांदा नीट धडधडलं. पुढे 29 जानेवारी 1886 ला कार्लनं तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोटारीचा जन्मदिवस म्हणून आज हीच तारीख सांगितली जाते.

पण गाडी विकत घेणार कोण? लोकांना तिची भीती वाटायची. कार्ल हाडाचा कारागीर. अजून हे सुधारू, अजून ते सुधारू, यातच अडकलेला. गाडी गावाभोवती फिरायची आणि परत शेडमध्ये यायची. लांब पल्ल्याला ती टिकते की नाही, हे कुणी करून दाखवल्याशिवाय ग्राहक यायचा नव्हता. ते बर्थानं ओळखलं.

ऑगस्ट 1888. मुलांना सुट्टी होती. एका पहाटे नवरा झोपेत असताना पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड या दोन पोरांना घेऊन तिनं गाडी बाहेर काढली. मानहाइमहून फोर्टझाइमला, म्हणजे थेट माहेरी! अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर, साधारण आमच्या घोटीहून ठाण्याइतकं. रस्ते बैलगाडीचे, नव्हे, घोडागाडीचे. गाडीचा वेग आजच्या सायकलएवढा. नवऱ्याची परवानगी नाही, आणि वाटेत विचारायला कुणी मेकॅनिकही नाही, कारण तो धंदाच अजून जन्माला यायचा होता.

मग काय, जे अडेल ते स्वतः सोडवायचं. इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायला वापरतात ते लिग्रोइन विकत घेतलं. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून आज ते दुकान ओळखलं जातं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्याचा बंद गुंडाळला. साखळीसाठी लोहार गाठला. इंजिन तापायचं, म्हणून वाटेत मिळेल तिथून पाणी भरायचं. चढावर गाडी दम टाकायची, की खाली उतरून ढकलायची.

चढ निभावले हो, खरी परीक्षा होती उताराची. गाडीचा ब्रेक म्हणजे एक दांडा. तो ओढला की लाकडी ठोकळा फिरत्या भागावर दाबला जाई. आता थांबवणं म्हणजे तरी काय? गाडीच्या वेगाची घासण्यानं उष्णता करायची. वेग दुप्पट झाला की थांबवताना उष्णता चौपट निर्माण होते. उतारावर तर सारखं घासायचं. लाकूड तापतं, झिजतं, मग पकड जाते. दोन पोरं गाडीत आणि ब्रेक धरत नाही, ही अवस्था डोळ्यांसमोर आणा!

बर्थानं वाटेतल्या बाउशलॉट गावात मोची गाठला आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. चामडं लाकडापेक्षा चांगलं धरतं. शिवाय झिजलं तर चामडं बदलायचं, ठोकळा शाबूत. आपण साडीला फॉल लावतो तो याचसाठी ना? काठ झिजण्यापेक्षा फॉल झिजलेला बरा. इतकी घरगुती युक्ती, पण मोटारीच्या ब्रेकचं पहिलं लायनर म्हणून आज ती सांगितली जाते.

दिवस कलता कलता ती माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार करून कळवलं. काही दिवसांनी गाडी चालवतच परत आली. आल्यावर काय काय कमी पडलं ते तिनं सांगितलं. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हा धडा त्याच प्रवासातला, आणि कार्लनं तो मनावर घेतला. गाडीवरचा लोकांचा विश्वास वाढला, पुढच्या वर्षांत धंदा बहरला.

आता कुणी म्हणेल, चामड्याचा तुकडा ठोकून घेतला, त्यात एवढं काय? माझा मुद्दा इथेच आहे. घरात बाईनं असं काही जमवलं की आपण त्याला जुगाड म्हणतो. तेच कुणी कागदावर काढून नोंदवलं तर त्याला शोध म्हणतो. लायनरची पुढची गोष्ट ऐका. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थानं 1897 च्या सुमारास घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी चांगलं अस्तर शोधायला घेतलं आणि त्यातून फेरोडो ही मोठी कंपनी उभी राहिली. पुढे अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आलं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचं कळल्यावर अनेक देशांनी ते हद्दपार केलं. ड्रम आला, डिस्क आली. 1953 साली डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीनं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि साऱ्या जगाला डिस्क पटली. पण घासणारं अस्तर वेगळं आणि बदलता येणारं असावं, हे तत्त्व तेच राहिलं.

माझ्या भाच्याला वेगवान गाड्यांचं वेड. पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टी काढून चेन्नईजवळच्या ट्रॅकवर गाडी पळवायला जातो. इंजिनाची ताकद वाढवण्याआधी त्यानं ब्रेक वाढवले, हे ऐकून मला बरं वाटलं. त्याच्याकडूनच मी शिकले, की ट्रॅकचे पॅड खूप तापल्यावर छान धरतात, पण थंड असताना नीट धरत नाहीत आणि कर्कश ओरडतात. रोजच्या रस्त्याला ते चालत नाहीत. उलट रस्त्याचे पॅड ट्रॅकवर चार फेऱ्यांत तापून पकड सोडतात. म्हणून मोठी डिस्क बसवण्याआधी पॅड, ब्रेक ऑइल आणि टायर बघायचे. शेवटी गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. म्हणजे बर्थासारखंच, आधी अस्तर बघा!

आपल्याला ट्रॅकवर जायचं नसलं तरी घाट आहेच. जून 2025 पासून समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाला, त्याच्या बोगद्यांनी कसारा घाट टाळता येतो. पण जुना रस्ता आणि आपल्या भागातले लहान घाट काही संपले नाहीत. तेव्हा उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, इंजिन बंद करायचं नाही. ज्या गिअरवर चढलो असतो त्याच गिअरवर उतरायचं. जळका वास आला किंवा पाय खोल जायला लागला तर जागा बघून थांबायचं, ब्रेक थंड होऊ द्यायचे. त्यावर पाणी ओतायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग लवकर उकळतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यायचं. स्कूटी चालवणाऱ्या मैत्रिणींनी पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक एकत्र वापरायची सवय ठेवायची.

कार्ल 1929 साली गेला. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यानं बर्थाच्या धैर्याला मोकळ्या मनानं श्रेय दिलं होतं. 3 मे 1944 ला, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, पंचाण्णव वर्षांच्या बर्थाला कार्लस्रूहच्या तांत्रिक विद्यापीठानं मानाचं सदस्यत्व दिलं. कार्ल शिकला होता ते हेच विद्यापीठ, जिथे तरुणपणी बर्थाला बसताही आलं नसतं. दोनच दिवसांनी, 5 मे ला, लाडेनबुर्गच्या घरी तिनं डोळे मिटले. तिनं धरलेला तो रस्ता 2008 पासून बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून ओळखला जातो.

पुढच्या वेळी गाडी गॅरेजला जाईल तेव्हा नवऱ्याला किंवा मुलाला एकट्याला पाठवू नका, बायांनो. सोबत जा, चाक उघडायला लावा आणि लायनर किती उरलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.