डीएनएचा ‘फोटो ५१’ देणाऱ्या रोझालिंड फ्रँकलिन नोबेलच्या यादीत का नाहीत?

डीएनएची रचना शोधल्याबद्दल १९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळालं. पण या शोधाला दिशा देणारा फोटो रोझालिंड फ्रँकलिन यांच्या कामातून आला होता.

१९२० साली लंडनमध्ये जन्मलेल्या रोझालिंड १९५१ मध्ये तिथल्याच किंग्ज कॉलेजात आल्या. डीएनएच्या बारीक धाग्यांवर क्ष-किरण सोडून त्या फोटो घेत. धाग्याभोवतीच्या हवेतला ओलावा त्यांनी काटेकोरपणे कमी-जास्त केला आणि डीएनएची दोन रूपं वेगळी झाली. कोरडं असताना स्फटिकासारखं ‘ए’, ओलं झालं की लांबणारं ‘बी’. दोन्ही एकत्र असली की फोटो धूसर यायचा.

मे १९५२ मध्ये त्यांच्या हाताखालचा विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग याने ‘बी’चा फोटो घेतला. त्यावर ठळक फुली उमटली. ही फुली म्हणजे गोल जिन्यासारख्या वळणदार रचनेची खूण.

जानेवारी १९५३ मध्ये विल्किन्स यांनी तो फोटो रोझालिंड यांना न सांगता वॉटसनला दाखवला. एप्रिलमध्ये वॉटसन-क्रिकचं मॉडेल ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्याच अंकात रोझालिंड यांचा लेखही होता, पण त्या मॉडेलला दुजोरा देणारा म्हणून.

१९५८ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. हयात नसलेल्यांचं नाव नोबेलसाठी सुचवता येत नाही.