जवारीचे धनी : अब्दुल करीम खाँ

स्नेहसंमेलन जवळ आले, की मानवतला आम्हां मुलांत वाद रंगतो : बास गिटारचे पिकअप बदलावेत, की नवीच गिटार घ्यावी? अशा वेळी मला किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ आठवतात.

१८७२ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे ते जन्मले. १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले, सवाई गंधर्वांसारखा शिष्य घडवला आणि पुढे मिरजेला घर केले. एवढे मोठे गवई, पण वाद्यदुरुस्ती त्यांनी हलकी मानली नाही. तंतुवाद्यांच्या त्या गावातही तंबोऱ्याची जवारी ते स्वतः लावीत. घोडी बेताने घासायची, तारेखालचे सूत केसभर सरकवायचे, षड्ज घुमेपर्यंत धीर धरायचा, असे ते काम. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळकोविल स्टेशनात त्यांनी देह ठेवला. तेव्हाही तंबोरा जुळवलेला होता, असे सांगतात.

पिकअप तारेचे कंपन तेवढे टिपतो. तारच गंजलेली, घोडीच चुकीची असेल, तर महागडा पिकअपही तोच दोष पुढे धाडणार. म्हणून आधी तार, मग घोडी आणि शेवटी पिकअप. कापसाच्या पैशावर शिकणाऱ्या आम्हां मुलांना खाँसाहेबांची ही रीत परवडणारीही आहे.