मुक्या जिवांचा कैवारी : हेन्री बर्ग

न्यूयॉर्कमधील सधन जहाजबांधणी व्यावसायिकाच्या घरी १८१३ मध्ये हेन्री बर्ग जन्मले. पन्नाशीत रशियात राजनैतिक सेवेत असताना त्यांनी गाडीवानांची क्रूरता पाहिली आणि त्यांना जीवितकार्य गवसले. १८६६ मध्ये त्यांनी प्राणिक्रौर्यप्रतिबंधक संस्था स्थापिली, कायदाही करवून घेतला. अतिभाराने थकलेल्या घोड्यांच्या ट्राम ते भररस्त्यात थांबवीत. वृत्तपत्रे टिंगल करीत. शस्त्रावाचून, कायद्याच्या बळावर चाललेला हा लढा आम्हांस मोलाचा वाटतो. १८७४ मध्ये मेरी एलन या छळ सोसणाऱ्या बालिकेची कैफियत त्यांच्याकडेच आली. घोड्यांसाठी संस्था होती, लेकरांसाठी नव्हती, याचे आम्हांस आश्चर्याहून दुःख अधिक. त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी न्यायालयामार्फत तिला सोडविले. पुढल्या वर्षापासून बालरक्षण संस्थेचे कार्य सुरू झाले. मार्च १८८८ च्या भीषण हिमवादळात बर्ग निवर्तले.