रात्रीचे दोन

आमच्या बोईसरच्या एका खोलीत शांतता केव्हा असते, याचा हिशेब मी गेल्या वर्षी वहीत मांडू लागलो. वडील तारापूरच्या कारखान्यात पाळीने जातात. रातपाळी असली की दिवसा आवाज करायचा नाही. पहिली पाळी असली की रात्री दिवा लावायचा नाही. माझे डोके केव्हा चालते आणि केव्हा नुसती पाने उलटली जातात, तेही मी टिपत होतो. त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र वाचनात आले.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक तिथेच, जळण तिथेच, जाते आणि शेळीही तिथेच. अभ्यासाला जागा मिळणे शक्य नव्हते, म्हणून रामजींनी वेळ शोधली. भीमरावांना ते लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून आपण त्याच जागी आडवे होत. तेलाच्या दिव्यापाशी भीमराव उजाडेपर्यंत वाचीत. झोप झालेली, डोके ताजे आणि चाळ निजलेली, असा तो प्रहर! १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि १९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. पुढच्याच फेब्रुवारीत रामजी वारले.

आता उठवणारे कोणी उरले नाही. जागण्याची सवय मात्र उरली. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२० साली दुसऱ्यांदा लंडनला गेल्यावर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताना शिरावे, बंद होताना बाहेर पडावे, रात्री खोलीवर पुन्हा वाचीत बसावे आणि भूक लागली तर पापडांवर भागवावे, असा क्रम होता. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली.

त्यांच्या अठरा तासांच्या अभ्यासाबद्दल आपण जयंतीच्या भाषणांत नेहमी ऐकतो. मला मात्र त्या तासांच्या संख्येपेक्षा डबक चाळीतली व्यवस्था मोठी वाटते. तिच्यात आधी झोप होती, मग अभ्यास. पुढच्या आयुष्यात ही झोप त्यांना क्वचितच लाभली. राज्यघटनेचा मसुदा तयार होत असताना मधुमेह आणि पायांच्या वेदना त्यांना छळत होत्या. जागरणानेच हे झाले असे मी म्हणणार नाही. पण ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही दिल्लीत बुद्धावरील आपल्या ग्रंथाची प्रस्तावना त्यांच्या हाताशी होती, आणि ६ तारखेला ते झोपेतच गेले.

हे सारे मी वडिलांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते मध्यरात्री घरी येतात, जेवतात, मला उठवतात आणि माझ्याच अंथरुणावर पडतात. तोपर्यंत माझी चार तास झोप झालेली असते. वहीत माझे ते तास सर्वांत चांगले ठरले आहेत. परवा मी तिच्यात आणखी एक रकाना आखला, वडिलांच्या झोपेचा. मुलाला कोणी तास मिळवून देतो, तेव्हा ते कोणाच्या तरी झोपेतून येतात, एवढे रामजींच्या गोष्टीवरून मला कळले आहे.